आत्याचं मराठी

मालूआत्याला चार भाषा यायच्या आणि त्यांतली सगळ्यांत कच्ची होती ती मराठी. बरं, बाई जन्मली-वाढली आगाशीत. घराण्यात कुणाची जीभ मराठीबाहेर गेली नसेल. पण आत्याला भूक लागायची गुजरातीत, भीती वाटायची बंगालीत आणि माया दाटून यायची तमिळमध्ये. मराठीत तिचे तीनच शब्द होते, 'हो', 'नको' आणि 'लाव'. लाव म्हणजे टीव्ही लाव.

आजी गेल्यावर बाबा तिला चंदनसारच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. तेव्हा ती चाळिशीची असेल. सोफा सोडून टीव्हीसमोरच्या एका ठरावीक लादीवर बसायची. रविवारी दुपारी दूरदर्शनवर परभाषेतले सिनेमे लागत, तेव्हा सगळी इमारत घोरत असायची आणि आत्या डोळ्यांची पापणी न लववता बघायची. पुढे केबल आली आणि तिला अख्खा देश सापडला. आवडतं माणूस पडद्यावर आलं की ती डोळ्यांपुढे दोन्ही हातांची बोटं फडफडवायची. ऑफिसातून दमून आलेले बाबा आतूनच ओरडायचे, "मालू, हात खाली!" ती हात मांडीखाली दाबून धरायची.

तिसऱ्या मजल्यावर एक तमिळ मामी राहायच्या. त्या एकदा विरजण मागायला आल्या तर आत्यानं त्यांना विचारलं, "साप्टिया?" म्हणजे जेवलीस का. मामी दारातच रडायला लागल्या. म्हणाल्या, "अम्मा गेल्यापासून मला असं कोणी विचारला नाय हो." त्या मग रोज यायच्या, आणि आत्या रोज तेवढंच विचारायची. माझ्या आईला याचं भारी नवल. "वन्संना आमच्याशी बोलायला काय होतं?" ती म्हणायची. आता वाटतं, आमच्या घरात 'जेवून घे' असा हुकूम सुटायचा, 'जेवलीस का' असं कोण विचारत होतं? जे तिनं मराठीत ऐकलंच नाही, ते ती मराठीत बोलणार कुठून?

माझीही तऱ्हा वेगळीच. पायाला भिंगरी, डोक्यात माश्यांचं मोहोळ. पुस्तक उघडलं की मी खिडकीत, खिडकीतून जिन्यात. एकदा प्रगतिपुस्तक बघून बाबांनी मला पट्टीनं फोडून काढलं. मी कपाटामागे जाऊन बसलो, तर आत्या आली. माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाली, "भय पेयो ना." भिऊ नकोस. मला अंगाला हात लावलेला तेव्हा सोसला नसता, आणि तिला लावता आला नसता. आमचं छान जमलं. त्या घरात मला तिच्याएवढा आधार कुणाचाच नव्हता, हे मी कुणापुढेही सांगेन.

पुढे विजेचं भारनियमन सुरू झालं. दिवे गेले की आत्या बंद टीव्हीसमोर उभी राहून सगळा कार्यक्रम स्वतःच करायची, बाईच्या आवाजात बाई, बाप्याच्या आवाजात बाप्या. इमारतीतली पोरं गॅलरीत जमून टाळ्या पिटायची. "काय मस्त करते यार तुझी आत्या!" वीज आली की ती पोरांना "आवजो" म्हणून हात हलवायची आणि लादीवर बसायची.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आई एकटी, एका खोलीत नवरा आणि दुसरीत नणंद. आत्याला घरातली एक वस्तू हललेली चालत नसे, आणि आता तर सगळं घरच हललं होतं. ती दिवसभर किंचाळायची. बाबांनी वाकड्या तोंडानं, रडत रडत होकार दिला आणि तिला डहाणूकडच्या एका संस्थेत ठेवलं. दुसरा इलाज आम्हाला सुचला नाही, आजही सुचत नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मला नुकतंच एका डॉक्टरांनी एडीएचडी आहे म्हणून सांगितलं होतं. आत्याबद्दल ऐकून ते म्हणाले होते, "तो ऑटिझम असावा." नावं मिळाली, पण उशिरा. संस्थेच्या हॉलमध्ये टीव्ही उंच टांगलेला होता, बंद. तिथल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "आधी काय काय बडबडायच्या, कोनाला कळायचा नाय. आता बघा, मराठी बोलतात."

आत्या बाकावर बसली होती. मी विचारलं, "साप्टिया?" ती बंद टीव्हीकडेच बघत राहिली. "भय पेयो ना," मी म्हणालो. कसला बंगाली उच्चार माझा! तरी म्हणालो. तिची बोटं जराशी हलली. म्हणून निघताना मी तिच्यासमोर हात उंच करून हलवला आणि म्हटलं, "आवजो, आत्या."

माझ्याकडे न बघता, स्वच्छ मराठीत, अगदी बाबांच्या आवाजात ती म्हणाली, "हात खाली."

मी हात खाली घेतला.