लपूनछपून जेवायला: सिंदी मेघे, पुलगाव, गिरड

"काकू, या वेळी फोटो चुकले तर मला तुमचं नाव काढावं लागेल हं," असं एका गोड आवाजाच्या मुलीने मला फोनवर सांगितलं आणि मी वर्ध्याला जायची तयारी सुरू केली.

आधी हे काम काय ते सांगते. मी गुप्त ग्राहक आहे. हॉटेलच्या मालकाला आपल्या पाठीमागे काय चालतं ते जाणून घ्यायचं असतं, म्हणून एक कंपनी आमच्यासारख्या चारचौघांत खपून जाणाऱ्या माणसांना तिथे जेवायला पाठवते. साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, जेवायचं, बिल भरायचं (ते नंतर परत मिळतं) आणि घरी येऊन सगळं कळवायचं. सोबत फोटो लागतात. हॉटेलची पाटी, न उष्टावलेलं ताट, हात धुवायचं बेसिन, वाढणाऱ्याचा गणवेश. हे सगळं कोणाच्याही नकळत काढायचं. ओळख पटली की काम रद्द.

माझी आधीची कामगिरी अशी: एकदा सगळ्या फोटोंत फक्त माझा अंगठा आला. दुसऱ्यांदा फ्लॅश चालू राहिला. तो चमकताच वेटरांना वाटलं कोणाचा तरी वाढदिवस आहे, आणि ते टाळ्या वाजवत माझ्याभोवती गोळा झाले. मी मान डोलावून शुभेच्छा घेतल्या. काय करणार?

तुम्ही म्हणाल, मग सोडून द्या की हे काम. पण मला ते सोडवत नव्हतं. लग्न झाल्यापासून मी स्वयंपाक करतेय आणि घरातले सगळे त्यावर मत देतायत. मीठ कमी, पोळी जाड, वरण पातळ. आता पहिल्यांदाच दुसऱ्याने रांधलं होतं आणि मत माझं होतं. हे सुख काय असतं ते बायकांना वेगळं सांगायला नको.

तर काम होतं एका हॉटेलच्या वर्धा जिल्ह्यातल्या तीन शाखांचं. हॉटेलचं नाव सांगणार नाही, ते करारात बसत नाही. डिसेंबरातल्या एका शनिवारी आमची जुनी पांढरी गाडी घेऊन मी नागपूरहून निघाले. बुटीबोरीनंतर रस्ता उत्तम आहे. टोल आणि पेट्रोल आपल्या खिशातून, कंपनी फक्त जेवणाचे देते, हे लक्षात ठेवा. केळझरला गणपतीला हात जोडले आणि "बाप्पा, अंगठा सांभाळ" एवढंच मागितलं. बाहेर उकडलेल्या तुरीच्या शेंगा मिळाल्या, त्या एका हाताने सोलत सेलू, पवनार मागे टाकलं. गाडी चालवताना शेंगा खाऊ नयेत, हे तुम्हाला सांगते.

मुक्काम सिंदी मेघेला, माझ्या नणंदेकडे. शोभाताई माझ्यापेक्षा मोठ्या, अंगाने भक्कम आणि आवाजाने त्याहून. एकट्या बाईकडे हॉटेलात चार नजरा वळतात, म्हणून सोबत कोणी तरी हवंच होतं. मी त्यांना दार लावून, शपथ घालून सगळं सांगितलं.

"मंदे, तू काहीच फिकर नको करू," त्या म्हणाल्या. "मी अशी बसतो का कोणाले समजणारच नाई."

रात्री सिंदी मेघेच्या शाखेत पाऊल टाकताच तीन टेबलांवरून "शोभाताई!" अशी हाक आली.

बसलो. शेवभाजी, भाकरी मागवली. ताट आलं. मी मेनूकार्ड उभं धरून त्याच्या मागून मोबाइल काढला आणि लक्षात आलं की आवाज बंद करायचा राहिलाय. खट्ट! त्याच क्षणी शोभाताई जोरात खोकल्या. मी दुसरा फोटो काढला, त्या पुन्हा खोकल्या. आवाज बंद करायचं सोडून मी फोटो काढत गेले आणि त्या खोकत गेल्या. शेवटी वेटर धावत आला.

"मावशी, कोमट पाणी देऊ का? ओवा आणू?"

"आण बाबू, आण," शोभाताई म्हणाल्या. त्यांना खरोखरच उबळ आली होती.

सेवेला मी पैकीच्या पैकी गुण दिले. बेसिनचा फोटो मात्र घरी येऊन पाहिला तेव्हा कळलं की बेसिनवर आरसा होता. त्यात मी होते, पदर खोचलेला, जीभ बाहेर, दोन्ही हातांनी मोबाइल धरलेला. तो फोटो कात्री लावून अर्धा पाठवला. आरशासमोर नेहमी खाली बसून फोटो काढा.

रविवारी सकाळी आम्ही दोघी देवळीमार्गे पुलगावला. रस्ता चांगला, थंडी मजेची. शाखा नाचणगावच्या बाजूला आहे. तिथले तर्री पोहे खास, वर कच्चा कांदा आणि नाकातून पाणी काढणारा रस्सा. पाटीचा फोटो काढायला मी रस्त्यापलीकडे उभी राहून फोनवर बोलण्याचं सोंग केलं. तेवढ्यात एक गृहस्थ स्कूटर थांबवून बरोबर पाटीखाली उभे राहिले, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काढा मॅडम, काढा. पेपरात येते का?"

मी म्हटलं, "बघू." ते पाटीसकट छान आले आहेत.

दोन शाखा झाल्या. उरलं होतं गिरड. पुलगावहून परत वर्धा, मग हिंगणघाट, पुढे समुद्रपूरकडून गिरड, असा दोन-अडीच तासांचा पल्ला आहे. हिंगणघाटच्या आसपास कापसाच्या गाड्या इतक्या की पुढचं काही दिसत नाही. त्यांच्या मागे शांतपणे चालवावं लागतं. गिरडला आधी टेकडीवर जाऊन शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात डोकं टेकवलं. तिथे गोल गोल खडे सापडतात. बाबांशी खोटं बोलणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे ते दगड झाले, अशी गोष्ट सांगतात. ती ऐकून मी पर्समधल्या मोबाइलला हात लावून पाहिला. तो अजून मोबाइलच होता.

टेकडी उतरून खरी भूक लागल्यावर हॉटेलात शिरलो. शाखा छोटी, रस्त्याला लागून, दुपार टळत आलेली, गिऱ्हाईक आम्ही दोघीच. वाढायला स्वतः मॅनेजर आला. निखिल, सत्तावीस-अठ्ठावीसचा, नाकीडोळी नीटस, अदबीने बोलणारा. डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात आणि वांग्याची भाजी मागवली.

गणवेशाचा फोटो इथेच काढायचा होता. चेहरा येऊ द्यायचा नाही, पण एप्रन, छातीवरची नावाची पट्टी आणि बूट स्पष्ट हवेत, अशी अट होती. मी चमचा पाडला आणि टेबलाखालून बुटांचा फोटो घेतला. तो पाणी ओतत असताना एप्रनचा घेतला. तो पाठमोरा चालला तसा पाठीचा घेतला. एकही हलला नाही, एकातही अंगठा नाही! मला माझाच अभिमान वाटला.

इकडे शोभाताईंना गप्प बसवत नव्हतं.

"गाव कोणतं बाबू तुमचं?"

"इथलंच जी, गिरडचं."

"घरी कोन कोन हाय?"

"मी आणि आई. दीड एकरात भाजीपाला लावतो आम्ही."

"पगार वेळेवर देते का?"

"हो जी."

मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली.

यानंतर काहीतरी बदललं. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून दोन डोकी डोकावली आणि आत गेली. न मागता पापड आले, मग तूप आलं. मी बेसिनकडे गेले तर एक जण ते घासत होता. निखिल मधेच दिसेनासा झाला आणि परत आला तो भांग पाडून. आपण ओळखले गेलो! तिसरं कामही गेलं!

तेवढ्यात दारातून एक बाई आल्या. घडी मोडलेली जांभळी साडी, पावडरचा हात फिरलेला, धाप लागलेली. सरळ आमच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"मी निखिलची आई, कमलबाई. आधी कळवलं असतं तं घरीच सैपाक केला असता ना. असं लपूनछपून पाहाले काऊन आले?"

मी म्हटलं, "अहो, आम्ही तर जेवायला..."

"राहू द्या जी. पोरांनी सांगतलं मले. तुमी त्याचे फोटो काढून राह्यल्या, या बाई गाव, पगार इचारून राह्यल्या. पोरगी काय करते तुमची?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे मुलगी दाखवायच्या आधी मुलीकडच्या बायका त्याच्या दुकानात गिऱ्हाईक होऊन जातात, मुलगा कसा बोलतो, कसा वागतो ते पाहतात. मीही माझ्या धाकट्या बहिणीसाठी असं एक कापड दुकान पाहिलं होतं. कमलबाईंचं काहीच चुकलं नव्हतं.

मला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत आणि दोघांची लग्नं झालीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझं काम वाचवायला शोभाताई पुढे सरसावल्या.

"पोरगी बी.कॉम. हाय. बँकेत हाय. सैपाकपाणी सगळं येते."

मला ठसका लागला. आता मात्र कोणी ओवा आणला नाही.

कमलबाईंचे डोळे भरून आले. त्या पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "खरं सांगा. तुमच्या पोरीले हॉटेलातला पोरगा चालते का? चार जागी गेलतो आम्ही. पोरगा पसंत पडते, पण हॉटेलात वाढतो म्हटलं का लोक नाई म्हणते. तुमी पह्यल्या, ज्या त्याले हॉटेलातच पाहाले आल्या."

"मंदे," शोभाताई कुजबुजल्या, "बिल भर आन् चाल. पत्रिकेचं नंतर कळवतो म्हनू."

अगदी सोपं होतं ते. फोटो झकास आले होते, जेवण उत्तम होतं, बिल भरलं की काम फत्ते आणि माझं नाव शाबूत. आणि ही बाई उद्यापासून फोनकडे डोळे लावून बसली असती. मला ते करवेना. मला स्वतःचाच राग आला, शोभाताईंचा आला, त्या कंपनीचाही आला.

"कमलबाई, मला मुलगीच नाही," मी म्हटलं. आणि गुप्त ग्राहक, ताट, बेसिन, बूट, सगळं सांगून टाकलं.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मग त्यांनी मोबाइल मागितला आणि मी काढलेले फोटो पाहू लागल्या. बूट. एप्रन. पाठ. पुन्हा बूट.

"अव माय," त्या म्हणाल्या, "पोराले मुंडकंच नाई ठेवलं तुमी!" आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की पडद्याआडचे सगळे बाहेर आले. निखिल कानापर्यंत लाल झाला होता.

"आता लपून नका काढू," कमलबाईंनी फर्मावलं. "नीट काढा एक. मंग तेवढं तं स्थळाले दाखवाच्या कामाचं होईन."

मग मी निखिलला दारापाशी उजेडात उभं केलं. एप्रन काढायला तो तयार नव्हता. म्हणाला, "जे हाय ते हाय जी, राहू द्या." आईने पदराने त्याचं कपाळ पुसलं, शोभाताईंनी "हास ना बे!" असा आवाज दिला, आणि मी राजरोस, सगळ्यांसमोर, चेहऱ्यासकट फोटो काढला. तो मी कमलबाईंना लगेच पाठवला. बिल मात्र भांडून भरलं.

घरी येऊन कंपनीला खरं ते कळवलं: गिरडला ओळख पटली, मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "काकू, असं कोणी स्वतःहून सांगतं का हो?" आणि माझं नाव काढलं. वाईट वाटलं. दोन दिवस मी घरच्या जेवणाला गुण देत बसले, तेव्हा यजमान म्हणाले, शेजारी जाऊन जेव. तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, गोळाभात चुकवू नका आणि फोटो उघडपणे काढा.

परवा दुपारी कमलबाईंचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात, बहुतेक हॉटेलच्या स्वयंपाकघरातून.

"मंदाताई, एक बाई येऊन बसली हाय. मेनूच्या आडून निखिलचे फोटो काढून राह्यली. ही तुमच्या कंपनीची का आमच्या कामाची? कसं ओळखू?"

मी विचार केला. "ताट वाढलंय का तिला?"

"केव्हाचं वाढलं. हातच नाई लावला. भाजी गार होऊन राह्यली, आन् ही नुसती पोराकडंच पाहून राह्यली."

"मग ती आमची नाही, कमलबाई," मी म्हटलं. "जा, साडी बदला."

फोन चालूच होता आणि लांबून त्यांची हाक ऐकू येत होती, "निखिल, बाईले तूप वाढ!"