सुईखालचा हात

मंगळवार पेठेत आमच्या समोरच्या घरात दत्तोपंत खासनीस आणि त्यांच्या पत्नी श्यामलाकाकू राहायचे. दत्तोपंत हायस्कुलात भूगोल शिकवायचे, काकू बालवाडीत. पण लोक त्यांना ओळखायचे ते संमोहनाच्या प्रयोगांमुळे. कुठल्या वाचनालयाचा वर्धापनदिन असो, गणपती असो, शाळेचं संमेलन असो, त्यांना बोलावणं यायचं. शनिवारी शाळा सुटली की दोघं कापडी पिशवी घेऊन एस.टी. स्टँडकडं निघायची.

यात काही मंत्रतंत्र आहे असं कुणी म्हटलं की दत्तोपंतांना राग यायचा. माणसाला गुंगी आणणं सोपं आहे, ती खोल नेणं हीच खरी विद्या, असं ते सांगायचे आणि मग कितीही वेळ समजावत बसायचे. आधी समोरच्याला घड्याळाच्या चकचकीत झाकणाकडं बघत ठेवायचं. पापण्या जड झाल्या की विसापासून उलटं मोजायचं, आणि प्रत्येक आकड्याला आवाज थोडा खाली आणायचा. हात उचलून सोडून द्यायचा. तो ओल्या धोतरासारखा मांडीवर पडला की कानाशी म्हणायचं, आता याच्या दुप्पट खोल. मध्येच डोळे उघडायला लावायचे आणि लगेच मिटायला, कारण दुसऱ्या खेपेला माणूस पहिल्यापेक्षा खाली जातो, तिसऱ्या खेपेला त्याहून खाली. आणि शेवटी नृसिंहवाडीचा घाट. मिटल्या डोळ्यांच्या माणसाला ते एकेक पायरी नदीकडं उतरवायचे. पायाखाली गार दगड, पुढं पाणी, मागं लांब लांब जाणारी घंटा. हा घाट त्यांनी स्वतः योजला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

प्रेक्षकांतली माणसं स्टेजवर येऊन कच्चा बटाटा पेरू समजून खायची, खुर्चीवर बसून होडी वल्हवायची. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. पण शेवटचा प्रयोग काकूंचा. त्या घाट उतरून गेल्या की दत्तोपंत त्यांच्या दंडाखालची कातडी चिमटीत धरून स्पिरिटनं पुसलेली सुई आरपार घालायचे. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. सभागृह एकदम चिडीचूप व्हायचं.

पहिली दोन वर्षं काकूंना खरंच काही कळायचं नाही. हात आपला नव्हेच, दुसऱ्या कुणाचा तरी कडेला ठेवलाय, असं वाटायचं, हे त्यांनी पुढं माझ्या आईला सांगितलं. मग सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यांना मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. चार महिन्यांनी दत्तोपंतांनी पुन्हा प्रयोग घेतला. बायकोचं मन जरा हलकं होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या दिवशी काकूंनी डोळे मिटले, आकडे ऐकले, घाटही ऐकला. पण घाट दिसलाच नाही. नवऱ्याचा आवाज, पंख्याची घरघर, पुढच्या रांगेतला खोकला, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. सुई आत गेली तेव्हा त्यांनी दात आवळले नाहीत, कारण जबडा हललेला लोकांना दिसला असता. त्यांनी जीभ टाळूला दाबून धरली.

समोर चारशे माणसं होती. त्या ओरडल्या असत्या तर दत्तोपंत खोटे पडले असते. एवढ्या एका वेळेपुरतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. घरी आल्यावर दत्तोपंत म्हणाले की आजच्याइतकी खोल तू कधीच गेली नव्हतीस. त्यावर खरं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. मग पुढच्या खेपेलाही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. दत्तोपंत मात्र वाढत्या हुरुपानं घाटाच्या पायऱ्या वाढवत गेले. अकराच्या एकवीस झाल्या.

त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरात मलकापूरच्या एका वाचनालयानं त्यांना बोलावलं. दुपारचा कार्यक्रम होता. सुईचा प्रयोग सुरू होताना तिसऱ्या रांगेतून एक माणूस उठला. जोतीराम त्याचं नाव. भाताच्या गिरणीत पोती शिवायचं काम करायचा. तो म्हणाला, "पावणं, ही सुई लई बारीक हाय. असल्या सुईनं कुणालाबी काय हुत न्हाय. माझा दाभण घ्या की." खिशातून त्यानं खरोखरच दाभण काढला.

लोक हसले. दत्तोपंतांनी क्षणभर विचार केला. काकूंवर, म्हणजे आपल्या विद्येवर, त्यांचा पूर्ण भरवसा होता. त्यांनी दाभण स्पिरिटनं पुसला आणि जोतीरामलाच वर बोलावलं. तुम्हीच टोचा, म्हणजे शंकाच नको, असं सांगितलं.

काकू डोळे मिटून हे सगळं ऐकत होत्या. पळून जावं असं मनात आलं, पण पाय उचलले नाहीत, असं त्या म्हणायच्या.

जोतीराम वाकला आणि त्यानं कातडी धरली. दाभण एका झटक्यात जात नाही, तो दाबत न्यावा लागतो. अर्ध्यावर गेल्यावर त्याची नजर काकूंच्या चेहऱ्याकडं गेली. चेहरा दगडासारखा होता, फक्त डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी गालावर ओघळत होतं. त्यानं हळूच दाभण मागं घेतला. रक्त आलं. तो दत्तोपंतांच्या अगदी जवळ गेला आणि त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, वैनी जाग्या हायत."

मग लोकांकडं वळून त्यानं मोठ्यांदा सांगितलं, "खरं हाय. काय फसवाफसवी न्हाय." टाळ्या पडल्या. खाली उतरताना त्यानं काकूंना हात जोडले. ते मात्र त्यांना दिसलं नाही. दत्तोपंतांनी कधीतरी पुढं सांगितलं.

दत्तोपंतांनी त्या माणसाचं बोलणं मनावर घेतलं नाही. अडाणी माणूस, त्याला काय कळतंय, असं ते परतीच्या एस.टी.त स्वतःशीच म्हणत राहिले. बायकोला मात्र त्यांनी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी काकूंचा हात सुजून लाल झाला, ताप चढला. पेठेतल्या डॉक्टरांनी बघितलं आणि आत पू झालाय, चिरा द्यावा लागेल, म्हणाले. ते बधिर करायचं इंजेक्शन भरायला लागले तेव्हा दत्तोपंतांनी त्यांना थांबवलं. त्याची गरज नाही, मीच हिला खोल नेतो, तुम्ही खुशाल कापा, असं सांगून ते काकूंच्या उशाशी बसले आणि मोजायला लागले. वीस, एकोणीस, अठरा. आवाज हळूहळू खाली येत होता.

बारावर काकूंनी डोळे उघडले.

"अहो, नको," त्या म्हणाल्या. "मला दुखतं. मला सगळं दुखतं."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

डॉक्टर हातात सिरिंज धरून उभेच राहिले. दत्तोपंत उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चिरा देऊन पट्टी बांधून होईपर्यंत ते आत आले नाहीत. घरापर्यंत दोघं चालत आली, दत्तोपंत दोन पावलं पुढं. घरी आल्यावर आधी ते संतापले. इतकी वर्षं मला लोकांपुढं नाचवलंस, म्हणाले. मग त्यांनी पट्टी बांधलेला हात बघितला आणि त्यावरचे जुने बारीक ठिपके एकेक करून मोजायला लागले. मोजता मोजता ते रडायला लागले. काकूंनी हात पदराखाली घेतला.

त्यानंतर सुई बंद झाली आणि काकूंचं स्टेजवर जाणंही. दत्तोपंत एकटेच प्रयोग करत राहिले, पण त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागेना. कुणीही डोळे मिटले की ते त्याच्या पापण्या निरखत बसायचे. शेवटचा प्रयोग अठ्ठ्याहत्तर साली कोडोलीला झाला. सोसायटीतला आकाराम नावाचा कारकून खुर्चीवर बसला होता, मान खाली पडली होती, घाटाच्या सात पायऱ्या उतरून झाल्या होत्या. दत्तोपंत मध्येच थांबले आणि त्याला म्हणाले, "तुम्हाला खरंच झोप लागलीय का? खरं सांगा."

आकारामनं डोळे उघडले आणि गोंधळून इकडं तिकडं बघितलं. लोक पोट धरून हसले. त्यांना तो विनोदच वाटला. दत्तोपंत स्टेजवरून उतरले ते पुन्हा चढले नाहीत.

पण काकूंचा त्रास संपला नाही, तो फक्त बदलला. दत्तोपंत आता दिवसातून दहा वेळा विचारायचे. भाकरी थापताना चटका बसला का? पाय दुखतात का? माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं का? नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही, हो म्हटलं तर ते दिवसभर जेवायचे नाहीत. रात्रीही त्या झोपल्यात की नुसत्या पडून आहेत, हे ते वाकून बघायचे. एकदा काकू माझ्या आईला म्हणाल्या, "लीलाताई, सुई बरी होती. ती शनिवारीच असायची."

एवढं बोलून त्या उठल्या आणि बालवाडीची घंटा व्हायच्या आत निघून गेल्या. दत्तोपंत दारात उभे राहून, त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांच्या चालण्याकडं बघत होते.