बंड्याचा जुना व्हिडिओ

"बाबांना काही सांगू नका, प्लीज," निखिल फोनवर म्हणाला. "परवा त्यांची बायपास आहे. बीपी वाढलं तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील."

मी जुन्या इंदूरमधल्या एका दोन खोल्यांच्या घरात फरशीवर बसले होते. समोर बंड्या आडवा पडला होता. तेरा वर्षांचा देशी कुत्रा. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि आता पाणीही पोटात ठरत नव्हतं. घर आणि कुत्रा दोन्ही आपटेकाकांचं. काका शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून घरात हे दोघेच. ऑपरेशनसाठी निखिल, म्हणजे त्यांचा मुलगा, त्यांना पुण्याला घेऊन गेला होता.

विजय नगरमधल्या एका कंपनीत मी चौदा वर्षं ॲडमिन सांभाळलं. कंपनीने ऑफिस दुसऱ्या शहरात हलवलं, मला जाणं शक्य नव्हतं. मग मी पेट सिटिंग सुरू केलं. मालक बाहेरगावी गेले की त्यांच्या घरी जाऊन जनावराचं खाणं, फिरवणं, औषधं बघायची. कुत्र्याला नव्या जागी नेऊन कोंडण्यापेक्षा त्याच्याच घरात ठेवलेलं बरं असतं. धंद्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

निघायच्या दिवशी काकांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. "बेटा, पोळी दुधात नको देऊ, त्याला गॅस होतात. आणि रोज एक व्हिडिओ पाठवत जा. मी तिथे पडून पडून बोअर होणार आहे."

पहिल्याच दिवशी मी अंगणातला व्हिडिओ पाठवला. बंड्या उन्हात लोळत होता, मग उठून कॅमेऱ्याकडे आला. काकांचा लगेच फोन आला. "मस्त आहे भिया आमचा!" इंदुरात भावाला भिया म्हणतात, काका बंड्यालाही म्हणायचे.

पुढचे दोन दिवस मी नुसते फोटो पाठवले. चौथ्या दिवसापासून बंड्याचं खाणं सुटलं. मी डॉक्टर मॅडमना घरी बोलावलं. त्यांनी रक्त तपासायला नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट घेऊन स्वतः आल्या.

"वैशालीजी, दोनों किडनी जवाब दे चुकी हैं," त्या म्हणाल्या. "सलाईनवर आठ-दहा दिवस काढेल. पण त्रासात."

"मग?"

"पुट टू स्लीप. मालकाची परवानगी लागेल."

पुट टू स्लीप म्हणजे आधी गुंगीचं आणि मग शेवटचं इंजेक्शन. जनावराला त्रास होत नाही. त्रास परवानगी देणाऱ्याला होतो.

म्हणून मी निखिलला फोन लावला होता. तो म्हणाला, "करून टाका. कन्सेंट मी पाठवतो."

"एकदा काकांशी बोलायला हवं. कुत्रा त्यांचा आहे."

"मॅडम, मला बाप वाचवायचाय. तुम्ही फक्त व्हिडिओ पाठवत राहा. जुना असेल तो पाठवा."

खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं. निर्णय दुसऱ्याने घेतला होता, ऑफिसात साहेब घ्यायचे तसा. मी फक्त अंमलबजावणी करणार होते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडम आल्या. बंड्या काकांच्या पलंगाखाली सरकून बसला होता. मी त्याला ओढून बाहेर काढलं. त्याने विरोध केला नाही. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. डॉक्टरांच्या ओळखीतल्या एकाच्या शेतात आम्ही त्याला पुरलं.

काकांचं ऑपरेशन नीट झालं. तीन दिवसांनी निखिलचा मेसेज आला, 'बाबा विचारतायत.' मी अंगणातला तोच व्हिडिओ सुरुवातीचा भाग कापून पाठवला. काकांकडून काही उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी आणखी एक तुकडा पाठवला. मग त्यांनी विचारणंच बंद केलं. थकले असतील, असं मी धरून चालले.

दीड महिन्याने काका परतले. निखिलने त्यांना ट्रेनमध्ये सगळं सांगितलं होतं. मी माझ्याकडची किल्ली द्यायला गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते. खूप वाळले होते.

"काका, मला माफ करा," मी म्हणाले.

"मला तेव्हाच समजलं होतं गं. ऑपरेशनच्या आधी तो पहिला व्हिडिओ मी शंभर वेळा पाहिला असेल. तोच कापून तू परत पाठवलास. मी कुणाला बोललो नाही. निखिल बिचारा मला इतकं जपत होता."

माझी नजर पलंगाखाली गेली.

"इंजेक्शनला मी नाही म्हटलं नसतं," ते म्हणाले. "तेरा वर्षं सांभाळलं, त्याचे हाल थोडीच पाहिले असते? पण तू फोन त्याच्या कानाशी धरला असतास. मी दोन शब्द बोललो असतो. माझा आवाज तरी त्याच्या कानावर पडला असता."

"निखिल म्हणाला..."

"निखिल माझा मुलगा आहे. त्याने घाबरावं. तू का घाबरलीस?"

मी किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी चहा विचारला नाही. इंदूरच्या घरात असं होत नाही.

काकांनी माझी कुठे तक्रार केली नाही. पण त्यांच्या ओळखीतून मिळालेली दोन कामं पुढच्या आठवड्यात रद्द झाली. कारण कुणी दिलं नाही, मीही विचारलं नाही. बंड्याला पुरलं ती जागा दाखवायला मी काकांना नेईन म्हणून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू." नंतर मीही फोन करणं सोडलं.

धंदा आजही चालू आहे. माझ्या फॉर्ममध्ये खाणं, औषधं, डॉक्टरांचा नंबर यांच्या खाली आता एक ओळ जास्त आहे: 'वाईट बातमी कुणाला सांगायची?' बहुतेक लोक हसतात आणि ती रिकामी सोडतात. मी फॉर्म परत देते. ती ओळ भरल्याशिवाय मी काम घेत नाही.