लाल पाटीची उलटी बाजू

भांडुपच्या आमच्या चाळीत मला 'कॉम्रेड' म्हणतात. निम्मे लोक चिडवायला म्हणतात, उरलेल्यांना माझं नाव चंद्रप्रकाश परब आहे हेच ठाऊक नाही. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, पण त्यांचा लाल बावटा माझ्याकडे राहिला. अंधेरीच्या एमआयडीसीत एका अमेरिकन कंपनीचा सलाइनच्या नळ्यांचा कारखाना आहे, तिथल्या युनियनचा मी सेक्रेटरी. मी भाषणाला उभा राहिलो की भांडवलदार थरथर कापतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात फक्त कँटीनवाला चहाचं दुसरं आधण ठेवायचा, कारण आता तासभर कोणाची सुटका नाही हे त्याला कळायचं. तरी मागची रांग हळूच उठून जायचीच.

मागच्या वर्षी बातमी आली. कंपनी नव्या मशिनी घेणार, त्या आमच्याकडे बसवणार नाहीतर व्हिएतनामला. जिथे नव्या मशिनी, तिथेच जुन्याही जाणार. म्हणजे आमच्या साठ जणांच्या नोकऱ्या टांगणीला.

मॅनेजर सुबोध साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"परब, मोठे मालक कट्टर आहेत. कम्युनिस्ट देशात एक डॉलर टाकणार नाहीत. मशिनी आपल्याकडेच येणार. फक्त गेटवरची तुमच्या युनियनची ती लाल पाटी त्यांच्या नजरेला पडू देऊ नका."

आता बघा. ज्या व्हिएतनामचं कौतुक मी अभ्यासवर्गात तासन्‌तास केलं, त्याचा पत्ता कट व्हावा म्हणून मी नाक्यावरच्या गणपतीला नारळ बोललो. मालकाच्या मनातला कम्युनिस्टांचा राग तसूभरही कमी होऊ नये, एवढंच मागणं. माझी बायको मालन म्हणाली, "आधी तुमचो पक्ष खयचो ता ठरवा, मगे नारळ बोला."

पाटी मी स्वतः उतरवली. मशीनवरचा नितेश शिडी धरून उभा होता. "काका, नका ना काढू. काहीतरी राहू दे आपलं." मी त्याला डावपेच समजावले, दोन क्रांत्यांचे दाखले दिले. मग पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पिवळ्या रंगात 'सुस्वागतम' रंगवलं आणि तीच उलटी करून टांगली. चांगला पत्रा वाया का घालवा?

मोठे मालक आले. त्या पाटीखाली त्यांनी माझ्या हातून हार घालून घेतला, फोटो काढला आणि विचारलं, "युनियन?" मी सगळं इंग्रजी एकवटून म्हणालो, "नो युनियन, सर. ओन्ली फॅमिली." मालक खूश, साहेब खूश. मी तर इतका खूश की घरी जाताना मालनला गजरा घेतला.

थोड्याच दिवसांत मशिनी व्हिएतनामला जायचं ठरलं. साहेब म्हणाले, मालक तिकडे जाऊन आले आणि एकदम निवळले. तिथे एकच पक्ष, त्याचाच शब्द, कामगार गप्प. आपल्याकडे सतत कुठली ना कुठली निवडणूक. म्हणजे सरकारात बसलेला लाल रंग मालकांना चालत होता, गेटवर भांडणारा नको होता. इतक्या अभ्यासवर्गांत हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"मग आमच्या भरपाईचं बोला," मी म्हणालो.

साहेबांनी मान खाली घातली. "कोणाशी बोलू, परब? मालक म्हणतात, तिथे युनियनच नाही. तुमच्याच तोंडून ऐकलंय त्यांनी."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याचा भांडवलदारावर परिणाम झाला होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

खाली गेटवर साठच्या साठ जण थांबले होते. नितेशने शिडी आधीच लावली होती. मी चढून पाटी फिरवली. लाल बाजू पुन्हा रस्त्याकडे आली, 'सुस्वागतम' आत कारखान्याकडे गेलं. खाली बघायची मला लाज वाटत होती.

"काका, उतरा आता," नितेश म्हणाला, "भाषण करा. आज कोणी उठून जाणार नाही."

मी उतरलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मला एक शब्द सुचेना.