द्वारका, मुक्काम कळवा

“तू हात लावू नकोस. तू फक्त सांग,” असं म्हणून काकू उजव्या हाताचं बोट पदराला पुसायच्या आणि मगच फोनला टेकवायच्या. फोन त्या हातात धरत नसत. जेवणाच्या टेबलावर तो पोळपाटासारखा सपाट ठेवलेला असे आणि काकू त्याच्यावर वाकलेल्या.

तुमच्याही इमारतीत एखाद्या काकू असतील, पाण्याच्या टाकीपासून वॉचमनच्या चपलांपर्यंत सगळ्यात लक्ष घालणाऱ्या. आमच्या काकू तशा नव्हत्या. कळव्याच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या बरोबर वरच्या घरात राहायच्या, पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितल्याचं आठवत नाही. म्हणून एका रविवारी त्या दारात येऊन म्हणाल्या, “मला अकाउंट काढायचंय. फोटोबिटो टाकतात, सगळ्यांना दिसतं, ते,” तेव्हा मला हसूच आलं.

“नातवंडांचे फोटो बघायचेत का, काकू?”

“नाही गं. मला सापडायचंय.”

तेव्हा त्या सत्तरीला आलेल्या. मोबाइल नंबर टाकून झाला, ओटीपी आला. त्यांनी तो मोठ्यांदा वाचला, एकेक आकडा शोधून दाबला, आणि शेवटच्या आकड्याला वेळ संपली. असं बऱ्याच वेळा झालं. मी बोट पुढे केलं की त्या माझा हात बाजूला सारायच्या. “पुन्हा पाठव म्हणावं त्यांना. मला कुठं जायचंय?” जन्मतारीख विचारल्यावर म्हणाल्या, “एक जून टाकू ना? मास्तरांनी आमच्या अख्ख्या वर्गाला तीच दिलेली.”

मग नावाचा रकाना आला. ‘द्व’ हे जोडाक्षर काही केल्या जमेना. ‘दव’ व्हायचं, पुसलं जायचं, पुन्हा व्हायचं. शेवटी ‘द्वारका’ उमटलं, आणि त्यापुढे त्यांच्या माहेरचं आडनाव. मी गोंधळले. दारावरच्या पाटीवर, सोसायटीच्या बिलावर, सगळीकडे त्या स्नेहलता होत्या.

“स्नेहलता लग्नातलं. तांदळात अंगठीनं लिहिलं ना, ते,” काकू म्हणाल्या. “द्वारका त्याच्या आधीचं.”

त्या दिवशी चहा पिताना त्यांनी सांगितलं. लग्नाआधी त्या साताऱ्याला अध्यापक विद्यालयात शिकत होत्या. वसतिगृहात कुसुम नावाची मुलगी त्यांच्या खोलीत होती. एका ताटात जेवायच्या दोघी. लग्न झालं, काकू कळव्याच्या चाळीत आल्या, कुसुम कुठे गेली कळलं नाही. काही वर्षांनी कुसुम कडेवर मूल घेऊन त्या चाळीत आली. काकूंच्या भावाकडून चाळीचं नाव मिळालेलं, सासरचं आडनाव विचारायचं राहून गेलेलं. नळावर तिनं विचारलं, “द्वारका कुठं राहते?” बायकांनी सांगितलं, या नावाचं इथं कुणी नाही. सासूबाईही नळावरच होत्या. त्याही म्हणाल्या, कुणी नाही.

“मी गिरणीत गेलेले, दळणाला. परत आले तेव्हा शेजारीण म्हणाली, कुणीतरी द्वारकेला विचारत होतं. पीठ तिथंच टाकलं आणि स्टेशनला पळाले. पण ती गेलेली. नंतर भावाकडून कळलं, कुसुमच होती; तिचा पत्ता त्यानंही विचारला नव्हता.”

“मग तुम्ही तिला शोधा ना इथं,” मी म्हटलं.

“कुठल्या नावानं? तिचंही बदललं असणार. तिला जे नाव माहीत आहे, त्या नावानं मीच उभी राहते. दुसरा रस्ता नाही.”

फोटोसाठी त्यांनी मान जरा तिरकी केली. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. “हा दिसायला हवा. व्हॉलीबॉल मारून तिनंच केलाय.”

दोनच दिवसांत बाळकुमहून मुलीचा फोन आला. स्पीकर चालू होता, मी समोरच बसलेले. “आई, हे काय नाव टाकलंयस? बाबांचं नाव नाही, आडनाव नाही. माझ्या सासरी विचारतायत, काही झालंय का म्हणून!”

“त्यांना म्हणावं, सगळं ठीक आहे. नाव तेच राहील,” एवढं बोलून काकूंनी फोन ठेवला.

काकांनी पेपर खाली केला. स्वभावाने गरीब माणूस. म्हणाले, “मी दिलेलं नाव वाईट होतं का गं?”

काकू म्हणाल्या, “चांगलंय हो. पण तिला ते माहीत नाही ना.”

काकांनी मान हलवली आणि पेपर पुन्हा वर घेतला. पण त्या दिवसापासून फोन चार्जिंगला लावायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

स्क्रीनवर रोज प्रश्न यायचा, तुमच्या मनात काय आहे? “यांना कशाला सांगू?” म्हणून काकू तो वरती सरकवायच्या. मग एके दिवशी दुपारभर बसून त्यांनी एकटीनं लिहिलं: “कुसुम, मी द्वारका. सातारा वसतिगृह, खोली सात. कळव्यातच राहते. तू आलीस तेव्हा मी गिरणीत होते. मला उशिरा कळलं.” मी ते माझ्या ओळखीच्यांना पाठवलं, त्यांनी पुढे पाठवलं.

पुढे बरेच महिने काही आलं नाही. कुणीतरी परदेशी डॉक्टर ‘हॅलो डिअर’ म्हणाला. काकूंनी त्याला विचारलं, “आपण कोणाकडचे?” तो पुन्हा आला नाही. आमची मासेवाली सापडली, तिच्याशी मैत्री झाली. मी दोनदा म्हटलं, राहू दे आता. काकू ऐकेनात. सकाळी देवपूजा झाली की टेबलाशी बसायच्या, बोट पुसायच्या आणि बघायच्या.

आणि एका सकाळी निरोप आलेला होता. कुणा अनोळखी बाईचा. “माझ्या सासूबाई विचारतात, भुवई व्हॉलीबॉलने फुटली होती का?”

कुसुम शहाडला राहत होती. कल्याणच्या पुढचं स्टेशन, आमच्यापासून तासाभरावर. कधीपासून, तर मूल शाळेत जाऊ लागलं तेव्हापासून.

मी काकूंबरोबर गेले. दार उघडलं ती बाई काकूंपेक्षा ठेंगणी, जाड चष्म्याची. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओरडलीच, “गिरणीत होतीस म्हणे! इतकी वर्षं मी काय समजत होते माहीत आहे? तूच सांगायला लावलंस, नाही म्हणून सांगा! संसारात पडलीस, मी नकोशी झाले!”

“गिरणीतच होते गं. तुझ्यामागं स्टेशनवर पळत आले होते.”

“मला काय माहीत!”

“मला तरी काय माहीत!”

दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडत होत्या. सून माझ्याकडे बघत होती, मी सुनेकडे. मग कुसुमताईंनी हात लांब करून काकूंची भुवई बोटानं चाचपली. काकूच म्हणाल्या, “आत तरी घेशील का नाही?”

काकू गेल्या वर्षी गेल्या. आजारपण थोडं झालं, हाल झाले नाहीत. त्याआधीची तीनेक वर्षं शहाडची ये-जा नेमानं चालली. काका वरणभात करायला शिकले.

त्यांची आठवण आली की मला त्या पहिल्या दिवसाची संध्याकाळ दिसते. शहाडच्या त्या घरात दोघी जमिनीवर मेथीची जुडी सोडून बसलेल्या. निवडता निवडता एक काहीतरी पुटपुटे, दुसरी “हट!” म्हणे. मी म्हटलं, “काकू, निघायचं ना? उशीर होतोय.”

“तू जा. मी उद्या येते.”

मी चपला घातल्या. दारातून “येते हं” म्हटलं. एक काडी मोडल्याचा आवाज आला. दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही.