गवई मॅडमची बुरशी

अकोल्याच्या एमआयडीसीत आमची छोटीशी एन्झाइमची कंपनी. मी बडनेऱ्याहून रोज अप-डाऊन करतो. परतीच्या गाडीत मित्र टपूनच असतात, "बोल, आज काय केलं तुमच्या मॅडमनं?" आणि काहीतरी केलेलं असतंच! नाही सांगितलं तर माझ्याच पोटात दुखतं.

मॅडम म्हणजे गवई मॅडम, आमच्या लॅब हेड. आमचा धंदा साधा. गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवायची, तिनं सोडलेल्या रसातून एन्झाइम काढायचं आणि कापडवाले, ज्यूसवाले, साबणवाले यांना विकायचं. बुरशी बहुतेक जण बाहेरून विकत आणतात. मॅडमनी मात्र चार वर्षं घासून स्वतःची शोधली, खास तुरीचं टरफल सोडवायला! कंपनीचे साहेब म्हणाले, "डाळ मिलच्या ट्रायलमध्ये पास झाली तर ठेवू. नाही तर फेका, बाहेरची आणू."

मॅडम फक्त "बरं" म्हणाल्या. पण त्या दिवशी डबा उघडला नाही त्यांनी.

*

सापडली कुठे ही बुरशी? बाळापूर रोडला, एका मिलमागे, टरफलांच्या कुजक्या ढिगात. मॅडम पदर खोचून कोपरापर्यंत आत! चौकीदार धावत आला.

"बाई, काय हरपलं वो? सोन्याचं हाय काय?"

मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "मालूम नाई भाऊ. सापडलं की सांगते."

*

अमरावतीचा एक संत्रा ज्यूसवाला आला. ज्यूस गढूळ, गाळून गाळून माणूस थकलेला. मॅडमनी ग्लासात एन्झाइमचे थेंब टाकले आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत गाळ खाली, वर ज्यूस आरपार!

"मॅडम, यातून त पेपर वाचता येते!"

"वाचा मंग. तवरोक दुसरा ग्लास लावते."

*

ट्रे रूम सांभाळतात सुखदेवभाऊ. कोंड्याच्या ट्रेमध्ये बुरशी तयार झाली का, ते लॅबची मशीन संध्याकाळी सांगते. सुखदेवभाऊ सकाळी दारातूनच नाक लावतात, "तीन नंबर कच्चा हाय."

संध्याकाळी रिपोर्ट. तीन नंबर कच्चा!

मी म्हटलं, "भाऊ, मंग मशीन काहून घेतली?"

"साहेबाले वास कागदावर पायजे ना बाप्पा!"

*

मे महिना. लाईट गेली, जनरेटरही बसला, आणि मॅडमची बुरशी लॅबच्या फ्रिजमध्ये! मॅडमनी ट्यूबा थर्मासमध्ये टाकल्या, मला स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट बर्फाच्या गोलेवाल्याची गाडी गाठली.

"दादा, यात बर्फ भरा. फटाफट!"

त्यानं ट्यूबांमधला हिरवा रंग निरखून पाह्यला. "कोनता फ्लेवर हाय मॅडम?"

"तुरीचा!"

*

आणि मग ट्रायल.

तुरीचं टरफल दाण्याला डिंकानं चिकटवल्यासारखं असतं. मिलवाले तेल-पाणी लावून कितीतरी दिवस गच्चीवर वाळवतात, तेव्हा कुठं सुटतं. मॅडमचं एन्झाइम तो डिंकच ढिला करतं. पण पहिली ट्रायल फुस्स! टरफल जागचं हललं नाही.

मॅडमनी विचारलं, "मिस्त्री, पावडर कोनत्या पान्यात कालवली?"

मिलचे म्हातारे मिस्त्री छाती काढून म्हणाले, "चांगलं खळखळ उकळलं ना! पाहुन्याची चीज, थंड्या पान्यात काहून टाकाव?"

उकळत्या पाण्यात एन्झाइम खलास! मिलमालक म्हणाले, "बाई, अजून एक चान्स. मंग आमचं तेलच बरं."

या वेळी मॅडमनी स्वतः कोमट पाण्यात पावडर कालवली. ते पाणी तुरीवर शिंपडलं, वर ताडपत्री टाकली. मी विचारलं, "गरम ठेवायले हीटर आणू का?"

"अकोल्यात? मे महिन्यात?"

दुसऱ्या दिवशी तूर उघडून कडक वाळवली. मिस्त्रींनी मूठभर हातात घेतली. समोर मालक, कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात. मॅडम माझ्या मागे, डोळे गच्च मिटून. मिस्त्रींनी तळवे घासले. एकदा. दोनदा. आणि जोरात फुंकर मारली.

सगळं टरफल मालकांच्या झब्ब्यावर! मिस्त्रींच्या हातात नुसती पिवळीधमक डाळ.

मिस्त्री घाबरले. खांद्यावरचा दुपट्टा काढून झब्बा झटकायला धावले. मालकांनी त्यांचा हात मधेच धरला. नजर डाळीवरून हलेना.

"राहू द्या मिस्त्री. अजून फुंका."