मोगऱ्याच्या वासाचा शर्ट

कुठलाही कपडा अंगात घालण्याआधी मी तो हुंगते. दुकानातून कोरा आणलेला असो, इस्त्री करून आलेला असो की आत्ताच दोरीवरून काढलेला असो, आधी काख, मग कॉलर, मग पाठ. मुलगी पुण्याहून आली की हसते. म्हणते, आई, तू कपडे घालतेस की भाजी निवडतेस? मी तिला आजवर उत्तर दिलेलं नाही, कारण उत्तर लांब आहे आणि त्यात माझं फारसं कौतुक नाही.

नाक मला माहेरून मिळालं. कळंबला देवळाच्या रस्त्यावर वडिलांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. धूप, अष्टगंध, कापूर आणि वरच्या फळीवर अत्तराच्या बोटाएवढ्या बाटल्या. शाळेतून आले की मी तिथेच बसायची. माझा निळा-पांढरा गणवेशसुद्धा उदबत्तीचा वास मारायचा, आणि वर्गातल्या मुली मला ‘पुजारीण’ म्हणायच्या. मला राग यायचा नाही. उलट आपण इतरांपेक्षा वेगळ्या आहोत असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर हे वाटणं पुढे फार वर्षं टिकलं.

कॉलेजात गेले तेव्हा अंगावर कडक स्टार्चचे पंजाबी ड्रेस आले आणि खसाचं अत्तर आलं. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी वरच्या फळीवरची मोगऱ्याची बाटली काढून दिली. कानात फाया कसा ठेवायचा हे त्यांनीच शिकवलं होतं. कापसाची बारीक वात करायची, तिला बाटलीचं तोंड फक्त टेकवायचं, आणि कानाच्या वरच्या घडीत ती बसवायची. वात दिसली नाही पाहिजे, वास आला पाहिजे, असं ते म्हणायचे.

सासर आर्णीच्या पुढे, कापसाच्या वावरात बुडालेलं गाव. घरात आम्ही तिघंच, नवरा, मी आणि सासूबाई. सासरे मी येण्याच्या वीस-बावीस वर्षं आधीच गेले होते. त्यानंतर सासूबाईंनी दोन फिक्या रंगांच्या लुगड्यांत आयुष्य काढलं. फूल नाही, पावडर नाही, आंघोळीलाही कपडे धुण्याचा साबण. कापसाच्या वेचणीला जाताना त्या लुगड्यावर मुलाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवायच्या. आमच्याकडे सगळ्याच बायका तसं करतात. बोंडाची टोकं हाताला लागत नाहीत आणि ऊनही लागत नाही. मला मात्र ते ध्यान बघवत नसे. मी स्वतः वावरात जातानाही साडीला शोभेल असाच शर्ट शोधायची आणि कानात फाया ठेवायची. सासूबाई बघायच्या आणि तोंड फिरवायच्या.

घरात एक नियम होता. फवारणीचे कपडे वेगळे. ते घरात येत नसत. गोठ्यामागच्या कुंपणावर वाळायचे, तिथेच लटकायचे आणि पुढच्या फवारणीला तिथूनच अंगावर चढायचे. त्यांना खूण लागायची नाही. औषधाचा तो घशात बसणारा, आंबूस, डोकं उठवणारा वास हीच खूण होती. अंधारातही कोणी चुकून हात लावला नसता.

त्या वर्षी दसरा झाला आणि भावाचा निरोप आला की तो नव्या बायकोला घेऊन येतो आहे, मला दिवाळीला न्यायला. वहिनी शहरातली. ती आल्या आल्या कुंपणावरच्या त्या वासाने नाकाला पदर लावणार, या विचाराने माझी झोप उडाली. आदल्याच आठवड्यात फवारताना नवऱ्याच्या पाठीवरचा पंप गळला होता आणि एक शर्ट पाठभर भिजला होता. तो सगळ्यात वाईट. मी तो तीनदा साबणाच्या पाण्यातून काढला, शेवटच्या पाण्यात मोगऱ्याचे थेंब टाकले, वाळल्यावर खिशात एक फाया ठेवला. हुंगून पाहिला तर निव्वळ मोगरा. मला इतका आनंद झाला की तो मी घरात आणला आणि बाकीच्या शर्टांसोबत खुंटीवर टांगला. वास गेला म्हणजे औषध गेलं असं मी धरून चालले. शिकलेली बाई मी, आणि नाकापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

भाऊ यायच्या दिवशी सकाळी सासूबाई वेचणीला निघाल्या होत्या. मी घरी थांबून स्वयंपाक करणार होते. माझा गजरा आणि कानातला फाया बघून त्या म्हणाल्या की चुलीपुढे कशाला हा थाट, भाजीलाही सेंटाचा वास येईल. बोलणं रोजचंच होतं. पण मी सकाळपासून ताणलेली होते. अंगणातून, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “तुमाले वासाचं काय समजते, आत्याबाई?”

त्या तशाच आत गेल्या, खुंटीवरचा शर्ट काढून लुगड्यावर चढवला आणि निघाल्या. मी बघितलंही नाही कोणता.

ऊन ऑक्टोबरचं होतं. बाराच्या सुमाराला नवरा ऑटो घेऊन दारात आला. मागच्या सीटवर त्या आडव्या, तोंडातून लाळ, घामाने पाठ ओली. वेचता वेचता उलट्या झाल्या आणि बसल्या जागी कोसळल्या, एवढंच तो म्हणाला. मी तशीच चढले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

आणि मला मोगऱ्याचा वास आला.

पहिल्यांदा वाटलं माझ्याच कानातला. मग मी खाली वाकले. त्यांच्या कॉलरमधून येत होता, आणि त्याच्या खालून, घामाने सुटा झालेला तो दुसरा, आंबूस. मला सगळं कळलं. गाव अजून मागे दिसत होतं तेव्हाच कळलं. तो शर्ट तिथल्या तिथे अंगावरून ओढून काढायला हवा होता. मी काढला नाही. काढला असता तर नवऱ्याने का म्हणून विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं. त्यांच्या हातापायांची कातडी वळवळत होती, मी त्यांच्या छातीवरून हात फिरवत होते, त्याच शर्टावरून, आणि मनात एकच घोकत होते की दुसरं काहीतरी असेल, ऊन असेल. आर्णी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. ती वाट मोठी नाही. मला ती अजून संपलेली वाटत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी टॉर्चने डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी लगेच विचारलं, काय प्यायल्या? आमच्या भागात हा प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर कोणी पटकन देत नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सकाळचं अंगणातलं माझं बोलणं त्याच्याही कानावर गेलेलं होतं. शेजारची बाई दुसऱ्या गाडीने मागोमाग आली होती, तीही माझ्याकडेच बघत होती. सून टोचून बोलली आणि म्हातारीने औषध घेतलं, ही गोष्ट त्या दोघांच्या डोळ्यांत तयार होत होती. नर्सने त्यांचं तोंड हुंगलं आणि म्हणाली, तोंडाला तर वास नाही, यांच्या अंगाला अत्तराचा वास येतो. केसांत आणि कानात अडकलेला कापूस तिने उपटून टाकला. वेचणाऱ्या बाईच्या अंगावर कापूस असणारच, कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पोटात नळी घालायची तयारी सुरू झाली. शर्ट अंगावरच होता.

मी भिंतीला पाठ लावून उभी होते. गप्प बसले तर ‘सुनेने जाच केला’ एवढंच माझ्यावर येणार होतं आणि त्या बहुतेक जाणार होत्या. बोलले तर त्या कदाचित वाचणार होत्या आणि त्यांना मरणाच्या दारात नेणारी मी, हे सगळ्यांना कळणार होतं. इतका सरळ हिशेब होता, आणि तरी मला तो करायला वेळ लागला. याची लाज मला अजून वाटते.

“त्याईनं काही पेलं नाही,” मी म्हणाले. “आंगातला शर्ट काढा. फवारनीचा हाये तो. म्या धुतला, म्या वास लावला.”

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि कात्री मागितली. शर्ट पाठीतून उभा कापून निघाला. पाठ लालभडक झाली होती. साबणाच्या पाण्याने त्यांना पुसून काढलं, केस धुतले, एकामागून एक इंजेक्शनं सुरू झाली. मग डॉक्टर मला म्हणाले, तुमची साडीही काढा, मांडीवर घेतलं होतंत ना. मी बाथरूममध्ये अंग धुतलं आणि दवाखान्याची चादर गुंडाळून बाकावर बसले. भावासाठी नेसलेली चांगली साडी कचऱ्याच्या पिशवीत गेली. नवरा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. संध्याकाळपर्यंत तो तिथून हलला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. आठवड्याने घरी आल्या. भाऊ-वहिनी मला न घेताच परत गेले. मला कोणी काही बोललं नाही. नवऱ्याने फवारणीच्या प्रत्येक शर्टाच्या पाठीवर लाल पेंटने मोठी फुली मारली, तीच काय ती बोलणी.

त्यानंतर मी अत्तर सोडलं. मोगऱ्याची बाटली पेटीच्या तळाशी गेली. बिनवासाच्या साबणात धुतलेल्या साध्या सुती साड्या, एवढीच माझी फॅशन उरली. लग्नकार्यात बायका सेंट फवारू लागल्या की मी अंगणात जाऊन उभी राहायची. लोकांना वाटायचं, वयाने शहाणी झाली.

अशी सहा-सात वर्षं गेली. एका दुपारी आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. सासूबाईंनी सुपातून डोकं न काढताच विचारलं, “तू आता वास काहून नाही लावत वं?”

मग मी सांगितलं. शर्टाचं त्यांना माहीत होतं, ते सगळ्यांनाच माहीत होतं. ऑटोतलं कोणालाच माहीत नव्हतं. गाव मागे दिसत होतं तेव्हाच मला कळलं होतं आणि मी आर्णीपर्यंत गप्प बसले होते, हे मी पहिल्यांदा तोंडाने बोलले. मला वाटलं होतं त्या उठून जातील. त्या खडे काढत राहिल्या.

“म्या पाह्यला होता त्या शर्टाचा डाग,” त्या म्हणाल्या. “पाठीवर होता, हाताएवढा. वळखला म्या, फवारनीचा हाये म्हून. पन मोगऱ्याचा वास येऊन राह्यला होता. खिशात फाया भेटला तं कानात ठेवला. म्हटलं, वावरात कोन पाह्यते.”

सुपातली तूर मला दिसेनाशी झाली. त्यांना वासाचं काय कळतं, असं मी त्याच सकाळी विचारलं होतं. नर्सने कानातून उपटून टाकलेला तो कापूस कोणता होता, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मी तिथे बसून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

गेल्या महिन्यात मुलीने पुण्याहून सेंटची बाटली पाठवली, काचेची, जड, महागाची. सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत, नजर अधू झाली आहे. मी त्यांच्या लुगड्याचा पदर सवयीने हुंगला, मग त्यांचं मनगट धरून बाटली एकदा दाबली. त्यांनी हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

“चांगला हाये,” त्या म्हणाल्या. “पन त्या शर्टासारखा नाही.”